प्रोस्टेट कॅन्सरची हार्मोन थेरपी: रुग्ण आणि घरचे वारंवार विचारतात ते प्रश्न

ज्यांना डॉक्टरांनी हार्मोन थेरपी सुचवली आहे, किंवा ज्यांची पहिली एक-दोन इंजेक्शनं होऊन गेली आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. जमलं तर घरातल्या आणखी एका माणसानेही ती वाचावीत. यातले निम्मे प्रश्न खरं तर घरचेच विचारतात, तेही रुग्ण बाहेर गेल्यावर. कोणता उपचार आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते ठरल्यावर घरी काय घडतं, केव्हा घडतं आणि त्यावर काय करता येतं, एवढंच इथे सांगितलं आहे.

हार्मोन थेरपी म्हणजे मला हार्मोन देणार का?

नाही, आहे ते कमी करणार. प्रोस्टेटच्या पेशी, निरोगी असोत की कॅन्सरच्या, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतात. ते बहुतांश वृषणांत तयार होतं आणि थोडंसं मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून येतं. निरोगी पुरुषाच्या रक्तात त्याची पातळी साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. उपचारात ती ५०च्या खाली आणतात, शक्यतो २०च्याही खाली. पुरवठा तुटला की कॅन्सरच्या बऱ्याचशा पेशी मरतात आणि उरलेल्यांची वाढ थंडावते.

ही कल्पना नवी नाही. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिलं, की वृषणं काढल्यावर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो आणि हाडांचं दुखणं उतरतं. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हापासून औषधं खूप बदलली, तत्त्व मात्र तेच राहिलं.

मग ही किमोथेरपीच ना?

नाही. किमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशींवर थेट घाव घालते. हार्मोन थेरपी त्यांचं खाद्य तोडते. डोक्यावरचे केस गळणं, तोंड येणं, पांढऱ्या पेशी उतरणं हा प्रकार इथे नसतो. काही रुग्णांना दोन्ही एकत्र देतात, तेव्हा कोणता त्रास कशामुळे होतोय हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

त्रासांची यादी आधीच वाचली तर माणूस उगाच घाबरत नाही का?

घरची मंडळी हे बऱ्याचदा बाजूला घेऊन विचारतात: "त्यांना एवढं सगळं सांगू नका." हेतू चांगला असतो, पण आमचं मत याच्या उलट आहे. नुसती यादी हातात दिली तर माणूस घाबरतो, हे खरं. वीस ओळी वाचल्या की वाटतं, हे सगळं आपल्याला होणार, तेही उद्यापासून. उपयोगाची माहिती वेगळी असते: यातलं काय बहुतेकांना होतं, काय मोजक्यांना, कितव्या महिन्यात होतं आणि तेव्हा काय करायचं.

ढोबळ क्रम असा. अंगातून वाफा निघणं पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं. लैंगिक इच्छा साधारण एक ते तीन महिन्यांत ओसरते. थकवा, पोटावरची चरबी, दंड-मांड्यांची झीज तिसऱ्या महिन्यापासून वर्षभरात हळूहळू दिसू लागते. हाडांची झीज दिसत नाही आणि दुखतही नाही. ती पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते, म्हणून तपासणीनेच ओळखावी लागते.

हा क्रम माहीत नसला तर भलतेच अर्थ लावले जातात. थकवा आला की माणसाला वाटतं कॅन्सर वाढतोय. एखाद्या बातमीवर डोळे भरून आले की वाटतं मी खचलो. आणि जवळीक थांबली की पत्नीला वाटतं, यांना मी नकोशी झाले. या तिन्हींच्या मागे औषध असू शकतं हे आधी कानावर पडलेलं असलं, तर निदान तिथून बोलायला सुरुवात होते.

इंजेक्शन, गोळी की ऑपरेशन? फरक काय?

सर्वांत जास्त वापरली जातात ती ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन यांसारखी इंजेक्शनं. ती एक, तीन किंवा सहा महिन्यांनी घेतात. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना "टेस्टोस्टेरॉन बनवा" असा निरोप पाठवत असते. ही औषधं त्या ग्रंथीला इतकं सतत चेतवतात की ती दाद देणंच सोडते. दाराची बेल कोणी न थांबता वाजवत राहिलं की घरातली माणसं उठायचीच बंद होतात, तसं. पण पहिल्या काही वेळा ती उठतातच. म्हणून सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग दोन ते चार आठवड्यांत तळाला जातं. ही उसळी झाकायला डॉक्टर काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. ती "फक्त सोबतची गोळी" म्हणून चुकवू नका.

डेगॅरेलिक्सचं महिन्याचं इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची रोजची गोळी ग्रंथीला थेट गप्प करतात. त्यांत उसळी नसते आणि पातळी काही दिवसांतच उतरते. डेगॅरेलिक्स पोटावर टोचतात. ती जागा लाल होणं, दुखणं, गाठ येणं बऱ्याच जणांना होतं. दोन-चार दिवस त्यावर पट्टा घट्ट बांधू नका आणि चोळू नका.

ऑपरेशनमध्ये वृषणं काढतात. काही तासांतच पातळी तळाला जाते, पुन्हा इंजेक्शनाची गरज नाही, तारीख चुकण्याची भीती नाही. पण ते कायमचं असतं. काहींना ते सोपं वाटतं, काहींना मनाने झेपत नाही. दोन्ही भावना रास्त आहेत आणि डॉक्टरांसमोर बोलण्याजोग्या आहेत.

यांच्या जोडीला अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड, अपालुटामाइड, डॅरोलुटामाइड अशा गोळ्या दिल्या जातात. प्रत्येकीचे नियम निराळे. अबिराटेरॉन उपाशीपोटी घ्यायची, कारण जेवणाबरोबर घेतली तर तिची रक्तातली मात्रा कित्येक पटींनी वाढते. तिच्यासोबत स्टेरॉइडची छोटी गोळी असते, ती मनाने बंद करायची नाही, आणि रक्तदाब व पोटॅशियम तपासत राहायचं. एन्झालुटामाइडने थकवा वाढू शकतो आणि तोल जाऊ शकतो. कधी फिट आली असेल तर ती सुरू होण्याआधी सांगा. अपालुटामाइडने अंगावर पुरळ येऊ शकतं आणि थायरॉइड मंदावू शकतं.

पहिल्या इंजेक्शनाआधी काय विचारून ठेवावं?

घाईत राहून जातात ते प्रश्न असे: हे किती काळ चालणार? बरं होण्यासाठी आहे की आजार ताब्यात ठेवण्यासाठी? रेडिएशनच्या जोडीला असेल तर मध्यम धोक्याच्या कॅन्सरमध्ये साधारण चार ते सहा महिने आणि जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये दीड ते तीन वर्षं दिलं जातं. हाडांत किंवा इतरत्र पसरलेला असेल तर बहुधा कायम. "सहा महिने" आणि "कायम" या दोन उत्तरांत माणसाच्या आयुष्याची आखणीच बदलते, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारा.

दुसरं म्हणजे, सुरुवातीचे आकडे हातात असू द्या: वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन; आजारावर नजर ठेवायला ते मोजतात), टेस्टोस्टेरॉन आणि जमल्यास हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन. वर्षाने वजन वाढलं की कमी झालं, हे ठरवायला कुठून निघालो ते माहीत हवं.

हृदयविकार, मधुमेह, पूर्वी झालेलं फ्रॅक्चर, नैराश्य, ईसीजीतला काही दोष, हे सगळं कुणी विचारण्याआधीच सांगा. ही औषधं हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवरही थोडा परिणाम करू शकतात. पुढे मूल हवं असेल तर उपचार सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. वय पाहून डॉक्टरांना हा विषय कदाचित सुचणारही नाही.

पहिल्या इंजेक्शनानंतर दुखणं वाढलं तर?

वर सांगितलेल्या उसळीमुळे पहिले दोन-तीन आठवडे हाडांचं दुखणं किंवा लघवीचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांना कळवा. पण पुढच्या गोष्टी कळवून वाट पाहण्याच्या नाहीत, थेट रुग्णालयात जाण्याच्या आहेत: पाय लुळे पडल्यासारखे वाटणं, चालताना अडखळणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं, शौचावरचा ताबा जाणं, पाठीत नवीन आणि रात्री झोपू न देणारी कळ. मणक्यात गेलेला कॅन्सर मज्जारज्जूवर दाब देतोय, अशी ही लक्षणं असू शकतात. तिथे काही तासांचा उशीरही पाय कायमचे घालवू शकतो. हे पहिल्या महिन्यापुरतं नाही. मणक्यात आजार असलेल्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी हे कायम लक्षात ठेवावं.

इंजेक्शनाची तारीख चुकली तर?

लक्षात आलं त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. उशीर लांबला की टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येऊ लागतं. प्रवासाला जायचं असेल तर तारीख आधी बदलून घ्या. इंजेक्शन कधी घेतलं, कोणतं आणि किती महिन्यांचं, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यातही अडत नाही.

अंगातून वाफा निघतात. याचं काय करायचं?

दर दहांतल्या सात-आठ पुरुषांना हे कमी-जास्त होतं. छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम गरम होतं, घाम फुटतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत अंग गार पडतं. दिवसा ते निभावतं. रात्री कपडे भिजून झोपमोड होते आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा व चिडचिड तिथूनच येते.

पत्नीची पाळी गेलेली असेल तर या विषयातली घरची तज्ज्ञ तीच. तिनेही हे सोसलेलं असतं, बहुधा कुणाला न सांगता. या निमित्ताने नवरे पहिल्यांदाच विचारतात, "तुला पण असंच व्हायचं का?" उत्तर ऐकून बरेच जण गप्प होतात.

आठवडाभर नोंद ठेवा: केव्हा आली, आधी काय खाल्लं-प्यायलं, खोली कशी होती. गरम पेयं, तिखट, दारू, बंद खोली, घाईगडबड ही नेहमीची कारणं. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाला, म्हणजे वरचा काढता येतो. सुती चादर, उशाशी पाणी, पंख्याची सोय. वाफ येतेय असं वाटताच सावकाश, पोटातून श्वास घेणं काहींना उपयोगी पडतं. एवढ्याने भागत नसेल तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं आहेत. प्रत्येकाचे फायदे-तोटे वेगळे, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्या. पण मागायला लाजू नका. "एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं" म्हणत वर्षभर नीट न झोपण्यात काही शौर्य नाही.

इतका थकवा येतो की उठवत नाही. आणि तुम्ही व्यायाम करायला सांगता?

हो, आणि सर्वांत जोर देऊन हेच सांगतो. या थकव्याचा झोपून भरून निघणाऱ्या दमणुकीशी संबंध नाही. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू आटतात आणि त्याच कामाला जास्त ताकद लागते. माणूस दमतो म्हणून बसतो, बसल्याने स्नायू आणखी आटतात. ही साखळी तोडणारं औषध नाही, व्यायाम आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही हार्मोन थेरपीवरच्या पुरुषांना आठवड्यातून किमान दोनदा, बारा आठवडे, देखरेखीखाली ताकदीचा आणि दमाचा असा दोन्ही व्यायाम द्यावा असं म्हटलं आहे.

"मी रोज फिरायला जातो" हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं. फिरणं उत्तमच. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. पण चालण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यासाठी ताकदीचा व्यायाम लागतो आणि तोच नेमका राहून जातो. जिम नको, सुरुवात खुर्चीपासून करा. पाठीची साधी, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून उठा, सावकाश बसा. खाली बसताना धपकन न पडता तीन अंक मोजत बसायचं, कारण खरा व्यायाम तिथे आहे. आठ-दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, रबराचा पट्टा ओढणं. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी. दोन-तीन आठवड्यांनी सोपं वाटू लागलं की वाढवा. सोपं वाटत असताना तेवढंच करत राहिलात तर स्नायूंना वाढायचं कारण उरत नाही.

कॅन्सर हाडांत असेल तर आधी विचारा, कोणत्या हाडावर भार नको ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील. तिथेही व्यायाम बहुधा बंद होत नाही, बदलतो. आणि थकवा अचानक वाढला तर हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्या. या उपचारात हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, पण खूप उतरलं तर कारण शोधावं लागतं.

हाडं ठिसूळ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

पुरुषाच्या हाडांचं रक्षणही टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारं इस्ट्रोजेनच करत असतं. दोन्ही उतरली की हाडांची घनता पहिल्या वर्षात झपाट्याने घटते. साध्या पडण्याने पाठीचा मणका, मनगट किंवा खुब्याचं हाड मोडणं हा पुढचा धोका. खुबा मोडलेला वयस्क माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असं नाही, म्हणून हा विषय मामुली नव्हे.

कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व साधारण ८०० ते १००० युनिट, तंबाखू बंद, दारू कमी. डेक्सा स्कॅन सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. घनता फारच कमी असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब देतात. ती सुरू करण्याआधी दातांची तपासणी आणि दात काढायचे असतील तर तेही उरकून घ्या, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. डेनोसुमॅब एकदा सुरू झालं की मनाने थांबवायचं नाही. बंद केल्यावर हाडांची झीज उसळून मणके दबू शकतात.

आणि रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर दिवा लावून ठेवा. रात्री लघवीला उठणं, झोपेतला तोल आणि ठिसूळ हाडं एकत्र येतात ती तिथेच.

जेवण तेवढंच आहे, तरी पोट का सुटतंय?

स्नायू कमी आणि चरबी जास्त, असा शरीराचा हिशेबच बदलतो. वजनकाट्यावर फारसं दिसत नाही, म्हणून कंबर मोजा. याच काळात साखर आणि कोलेस्टेरॉल वाढण्याचा धोका असतो. मधुमेह आधीच असेल तर गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं, तेव्हा साखरेच्या डॉक्टरांना या इंजेक्शनांबद्दल सांगा. पूर्वी हार्ट अटॅक आला असेल तर उपचार सुरू होण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांचं मत घ्यावं. प्रथिनं पुरेशी, गोड आणि तळलेलं कमी. खास "कॅन्सरचा आहार" शोधत बसू नका. हृदयाला जे चालतं तेच इथेही चालतं.

इच्छाच उरली नाही. नवरा-बायकोच्या नात्याचं काय होणार?

हा प्रश्न दारापर्यंत जाऊन परत फिरून विचारला जातो, म्हणून इथे सविस्तर.

बहुतेक पुरुषांची लैंगिक इच्छा खूप कमी होते किंवा जाते. ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. काळाबरोबर लिंग आणि वृषणं आकारानेही लहान होतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग माणूस आंघोळीच्या वेळी दचकतो. ताठरतेच्या गोळ्या रक्तप्रवाह वाढवतात, इच्छा आणू शकत नाहीत. म्हणून "गोळी घेतली तरी काही झालं नाही" हे तुमचं अपयश नाही. व्हॅक्यूम पंप, ताठरतेसाठी लिंगात टोचायचं वेगळं इंजेक्शन असे उपाय आहेत. उपचार ठरावीक काळापुरता असेल तर त्या भागाचं आरोग्य टिकवण्यासाठी काही डॉक्टर ते मध्येच वापरायला सांगतात.

पण नातं बिघडतं ते बहुधा याने नाही, त्यानंतरच्या अबोल्याने. पुढे काही अपेक्षा निर्माण होईल या भीतीने नवरा हात धरायचंही सोडतो. पाठीवर हात नाही, शेजारी बसणं नाही. पत्नीला इच्छेचा अभाव दिसत नाही, दुरावा तेवढा दिसतो. एक वाक्य पुष्कळ काम करतं: "औषधामुळे इच्छा होत नाही, पण तू जवळ बसलीस तर मला बरं वाटतं." हे वाक्य जड जातं, ठाऊक आहे. चिठ्ठीवर लिहून दिलं तरी चालतं. काही जोडपी आपसांत ठरवतात की स्पर्श पुढे कुठे न नेताही करायचा. काहींना इच्छा नसूनही जवळीक सुरू केल्यावर आनंद मिळतो, कामोत्तेजनाचा शेवटही अनुभवता येतो. काही जोडपी हा विषय बाजूला ठेवून मजेत राहतात. यांतलं कोणतंही चूक नाही, फक्त ते दोघांनी मिळून ठरवलेलं असावं.

"मी पुरुष राहिलो का?" हा प्रश्न याच्याच पोटात असतो. आवाज बदलत नाही. अंगावरचे केस विरळ होतात, दाढी थोडी मंदावते. स्वभाव, निर्णयशक्ती, घरातली जागा यांतलं काही इंजेक्शनाने जात नाही.

छाती वाढतेय, दुखतेय. हे काय आहे?

स्तनांची ऊती वाढते. नुसत्या बायकॅल्युटामाइडवर असलेल्यांना हे जास्त होतं. सुरुवातीलाच रेडिएशनचा छोटा डोस किंवा टॅमॉक्सिफेन देऊन ते बरंचसं टाळता येतं. एकदा वाढलेली ऊती मात्र औषधाने फारशी ओसरत नाही. म्हणून गोळी सुरू होतानाच विचारा. एकाच बाजूला कडक गाठ लागली तर दाखवून घ्या.

साध्या गोष्टीवर रडू येतं, चिडचिड होते.

इंजेक्शनाच्या खोलीतलं नेहमीचं दृश्य: "काही त्रास?" विचारलं की गृहस्थ म्हणतात, "छे, एकदम ठीक." आणि मागच्या खुर्चीवरून पत्नी डोळ्यांनीच सांगते की ठीक काही नाही. म्हणून दोघांना विचारावं, जमल्यास वेगवेगळं.

डोळे भरून येणं, हळवं होणं हे औषधामुळे होऊ शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही पुरुषांना तर ते आवडतं. नातवंडांशी पूर्वीपेक्षा मोकळं होता येतं, असं ते सांगतात. विसरभोळेपणाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. झोप नीट झाली की पुष्कळांचं डोकं पुन्हा चालायला लागतं. पण दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशातच रस नसणं, आपण ओझं झालो आहोत असं वाटणं हे हळवेपण नव्हे. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

घरच्यांनी काय करावं?

पहिल्या भेटीला सोबत जा आणि प्रश्न लिहून न्या. व्यायामाला सोबत करा, "व्यायाम केला का" असं विचारत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका, पण जे दिसतं ते सांगा. आणि स्वतःची झोप, स्वतःची दुखणी, स्वतःच्या मैत्रिणी सांभाळा. कॅनडात या उपचारासाठी जे शिक्षणवर्ग घेतात, त्यांत जोडीदारालाही सोबत बसवतात. तुमच्या रुग्णालयात असा वर्ग किंवा रुग्णांचा गट असेल तर दोघं जा. नसेल तर परिचारिकेकडे अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागा.

आयुर्वेदिक काढा, ताकदीची पावडर घेतली तर चालेल?

डबा घेऊन या, दाखवा, मग ठरवू. "ताकद", "पौरुष", "जोम" यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंत टेस्टोस्टेरॉन वाढवणारे घटक असू शकतात आणि तेच तर आपण कमी करतोय. शिवाय काही वनस्पती यकृतावर ताण आणतात किंवा गोळ्यांचा परिणाम बदलतात. चोरून घेण्यापेक्षा विचारून घ्या. आम्ही रागावत नाही.

पीएसए शून्याच्या जवळ आला. आता बंद करू का?

मनाने नाही. पीएसए उतरला याचा अर्थ औषध काम करतंय, आजार संपला असा नाही. काही रुग्णांत डॉक्टर स्वतःहून उपचाराला विराम देतात आणि पीएसए ठरावीक पातळीला गेला की पुन्हा सुरू करतात. त्या विरामात बऱ्याच जणांना हुशारी वाटते. पण तो कोणाला चालतो हे आजाराच्या पसाऱ्यावर ठरतं.

उलट, इंजेक्शनं चालू असूनही पीएसए वाढू लागला तर आधी टेस्टोस्टेरॉन मोजतात. ते तळाशी असूनही पीएसए चढत असेल तर कॅन्सर कमी हार्मोनवरही जगायला शिकला आहे असं समजतात. तेव्हा पुढच्या गोळ्या, किमोथेरपी आणि इतर उपचार असतात. तोवरचं इंजेक्शन मात्र बहुधा चालूच ठेवतात, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

उपचार संपल्यावर सगळं पूर्ववत होतं का?

सावकाश होतं, आणि सगळं होईलच असं नाही. शेवटच्या इंजेक्शनाचा असर संपल्यावर टेस्टोस्टेरॉन वर यायला कित्येक महिने लागतात. वय जास्त आणि उपचार दीर्घ असेल तर वर्षापेक्षा जास्तही, आणि काहींचं पूर्वीच्या पातळीला पोचतच नाही. वाफा आधी कमी होतात, मग ताकद येते, इच्छा सर्वांत शेवटी. कमावलेलं पोट आपोआप उतरत नाही. इंजेक्शन थांबलं म्हणजे तपासण्या थांबल्या असं समजू नका. पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्यावं लागतं, कारण रेडिएशन घेतलेल्यांमध्ये प्रोस्टेट जागेवरच असतं आणि टेस्टोस्टेरॉन परतलं की पीएसए थोडा वर सरकतो. ती हालचाल कॅन्सर परतल्याची आहे की प्रोस्टेट जागं झाल्याची, हे ठरवताना डॉक्टर हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून, काही महिन्यांची चढ-उतार पाहतात.